खडू जरा बाजूला ठेवा: गणिताच्या नव्या शिक्षकांसाठी

नवीन लागलेल्या शिक्षकांना मी पहिल्याच आठवड्यात एक गंमत करून बघायला सांगते. पाचवी-सहावीच्या वर्गात जा, फळ्यावर लिहा "एका एसटीत ३६ प्रवासी आणि १४ कोंबड्या आहेत, तर कंडक्टरचं वय किती?" आणि काही न बोलता उभे राहा. बरीच पोरं निमूटपणे ५० लिहून मोकळी होतील. माझ्या वर्गात एकाने २२ काढलं होतं, का म्हणून विचारलं तर म्हणाला ५० जरा जास्त वाटलं मॅडम, आमच्या गाडीचा कंडक्टर तरणा आहे. निदान त्याने उत्तर पटतंय का ते तरी पाहिलं!

हा प्रकार जुना आहे, बरेच मास्तर लोक करून बघतात. पोरं मठ्ठ असतात असं नाही हो. आपणच त्यांना शिकवलेलं असतं की "एकूण" आलं की बेरीज, "उरले" आलं की वजाबाकी, "प्रत्येकी" आलं की भागाकार, मग वाचायचं कशाला? आपण आधी एक उदाहरण सोडवून दाखवतो, मग आकडे बदलून तसंच दुसरं देतो, मग सरावसंच घरी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, पहिली सात-आठ वर्षं मीही हेच केलं. आता आठवड्यातून एक-दोन तास उलटे घेते, म्हणजे प्रश्न आधी, पद्धत नंतर. ते कसं जमवायचं ते सांगते, कारण ट्रेनिंगला नुसतं "ज्ञानरचनावाद" (म्हणजे पोरांनी आपलं ज्ञान आपणच घडवायचं) म्हणतात आणि चहा पिऊन घरी पाठवतात.

पहिलं काम: प्रश्न निवडा (आणि फार भारी निवडू नका)

माझी पहिली चूक इथेच झाली. मी उत्साहाच्या भरात विचारलं, आपल्या मैदानावर किती माणसं मावतील? दोन तास गेले, पोरं धावली, भांडली, एक जण पडला आणि शेवटी फळ्यावर आलं काय तर "खूप". प्रश्न वाईट नव्हता, पण त्यातून मला कुठल्या घटकाकडे जायचंय हेच मला माहीत नव्हतं.

म्हणून सुरुवातीला बाहेरून काही आणू नका. पुस्तकातला जो घटक चालू आहे त्यातलंच उदाहरण घ्या आणि त्याच्या अंगावरचे कपडे बदला. पुस्तकात असतं "३/४ आणि ५/६ यांपैकी मोठा अपूर्णांक कोणता?" मी ते असं करते: एका पंगतीत ४ जण आहेत आणि ३ भाकरी. दुसऱ्या पंगतीत ६ जण आणि ५ भाकरी. दोन्हीकडे सारखं वाटायचंय, तर तुम्ही कुठल्या पंगतीत बसाल? गणित तेच, पण आता लसावि माहीत नसलेल्या पोरालाही निदान गोल काढून सुरुवात करता येते. प्रश्न पारखायची माझी एकच कसोटी आहे, वर्गातल्या सगळ्यात कच्च्या पोराला पहिलं पाऊल टाकता आलं पाहिजे आणि सगळ्यात हुशार पोराला दोन मिनिटांत कंटाळा येता कामा नये.

दुसरं काम: आदल्या रात्री स्वतः सोडवा, तीन वाटांनी

हे कोणी करत नाही आणि मग तासाला फजिती होते. भाकरीचं घ्या. एक वाट आपली नेहमीची, छेद समान करायचे, ९/१२ आणि १०/१२. दुसरी वाट पोरं वाटणी करतात तशी: पहिल्या पंगतीत दोन भाकरी अर्ध्या-अर्ध्या करून चौघांना दिल्या, उरलेल्या एकीचे चार तुकडे, म्हणजे प्रत्येकाला अर्धी आणि चतकोर. दुसऱ्या पंगतीत तीन भाकरी अर्ध्या करून सहा जणांना, उरलेल्या दोन भाकरींचे प्रत्येकी तीन तुकडे, म्हणजे अर्धी आणि एक तृतीयांश. अर्धी दोघांकडे आहेच, आता चतकोर मोठी का तिसरा हिस्सा मोठा एवढंच बघायचं. तिसरी वाट पुढे सांगते, ती मला एका मुलीनेच दाखवली.

त्याच कागदावर खाली लिहा की पोरं कुठे चुकतील. इथे हमखास येणारी चूक म्हणजे "दोन्हीकडे एकच भाकरी कमी आहे, म्हणून सारखंच." ती येईलच, वाट बघा तिची.

तिसरं काम: प्रश्न मांडा आणि गप्प बसा

प्रश्न वाचून दाखवा, एकाला त्याच्या शब्दांत सांगायला लावा. एवढ्यात कोणीतरी विचारतंच, "भाकरी सारख्याच मोठ्या ना मॅडम?" हा प्रश्न आला की मला आत कुठेतरी बरं वाटतं, कारण अपूर्णांकांची तुलना करताना पूर्ण वस्तू सारखी हवी हे वाक्य मी फळ्यावर लिहून पन्नास वेळा पाठ करून घेतलं असतं तरी ते असं आलं नसतं. त्यांना म्हणा हो, सारख्याच धरू.

मग सात-आठ मिनिटं एकट्याने. बोलायचं नाही, आपणही नाही. हे सात-आठ मिनिटंच सगळ्यात जड जातात, हात नुसते शिवशिवतात, वाटतं एक गोल काढून देऊ, एक हिंट देऊ. मी सरळ खडू मागच्या खिडकीत ठेवून येते. "मॅडम, गुणायचं का भागायचं?" असं कोणीतरी विचारणार, त्यावर "तुला काय वाटतं आणि का?" एवढंच. पहिल्या दोन-तीन तासांना पोरं चिडतात, कारण आतापर्यंत त्यांचा सौदाच तसा होता ना, मॅडम पद्धत सांगणार आणि आम्ही आकडे घालणार. चौथ्या तासापासून विचारायचं थांबतात.

त्यानंतर पाच मिनिटं शेजाऱ्याशी. जोडीच करा, सहा-सहाचे गट करू नका, त्यात एक लिहितो, एक रेघा मारतो आणि चौघं बाकाखाली गोट्या खेळतात.

चौथं काम: बाकांमधून फिरा, पण चेहरा आवरा

फिरताना हातात चिठ्ठी ठेवा आणि टिपा, कोणी चित्र काढलं, कोणी अर्धी-चतकोर केलं, कोणी "एक कमी" म्हटलं. तपासायला फिरायचं नाही, माल गोळा करायला फिरायचं. बरोबर किंवा अंहं काहीच म्हणू नका. आणि पोरं आपला चेहरा वाचतात हां, माझी भुवई वर गेली की अख्खी रांग खोडरबर काढते, म्हणून वहीकडे बघून फक्त विचारायचं, "हा तुकडा कुणाचा?" "इथून पुढे काय करणार?"

ज्याला अजिबात सुधरत नाही त्याला कागदाचे गोल फाडायला द्या. जो पाच मिनिटांत उत्तर काढून हात वर करून बसलाय त्याला म्हणा, तिसरीतल्या तुझ्या भावाला लसावि न वापरता पटवून दे, ते लिही. तो पुढची दहा मिनिटं गप्प होतो, आणि खरंच शिकतो. घरी अहिराणी बोलणारं पोर असेल तर त्याला अहिराणीत सांगू द्या, गणिताचे शब्द नंतर येतात.

पाचवं काम: कोणाला आधी बोलवायचं हे ठरवा

यावर तासाचं सगळं अवलंबून आहे असं माझं मत. "कोण सांगतंय?" असं विचारलं की पहिल्या बाकावरचा हुशार उठतो, फाडकन लसावि काढतो, उत्तर बरोबर येतं आणि बाकीच्या तीस जणांचं डोकं तिथेच बंद होतं. म्हणून मी उलट्या क्रमाने बोलावते. आधी चित्रवाला, मग अर्धी-चतकोरवाला, मग चुकलेला, आणि लसाविवाला सगळ्यात शेवटी.

चुकलेल्याला बोलवताना चुकलेला म्हणून बोलवायचं नाही अर्थात. एका वर्षी एक मुलगा आला आणि ऐटीत म्हणाला, दोन्हीकडे एकच भाकरी कमी, सारखंच मिळणार. मी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, पटतंय का? अर्ध्याहून जास्त हात वर. अर्धी-चतकोरवाला ओरडतोय की नाही नाही, माझं वेगळं येतंय, वर्गात गोंगाट, मी गप्पच. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, बसल्या जागेवरून म्हणाली, "पण तिकडं तोटा सहा जणांत वाटला जातोय ना."

मला कळायला दोन सेकंद लागले. चौघांना एक भाकरी कमी पडली तर प्रत्येकाचा चतकोर जातो. सहा जणांना एक कमी पडली तर प्रत्येकाचा फक्त सहावा हिस्सा जातो, म्हणजे त्यांचं नुकसान कमी, म्हणजे त्यांना जास्त मिळतं! "एक कमी" म्हणणाऱ्या पोराच्या चुकीतच अर्धं बरोबर उत्तर होतं, फक्त ती एक भाकरी कितीजणांत कमी पडतेय ते त्याने बघितलं नव्हतं. मी त्याचं वाक्य पुसून टाकलं असतं तर हे आलंच नसतं.

मग मी विचारलं, ७ भाकरी ८ जण? ९९ भाकरी १०० जण? धडाधड उत्तरं आली. आणि मग ३ भाकरी ५ जण आणि ४ भाकरी ७ जण. आता तोटा एकीकडे दोन भाकरींचा, दुसरीकडे तीनचा, पाचांत दोन का सातांत तीन, तोट्याची युक्ती अडकली. इथे लसाविवाल्या पोराला उठवलं. २१/३५ आणि २०/३५. आता वर्गाला त्याची गरज होती, त्यामुळे सगळ्यांनी मान वर करून पाहिलं.

फळा पुसू नका, तास संपेपर्यंत. डावीकडे प्रश्न, मध्ये पोरांच्या वाटा (चुकलेली पण), उजवीकडे शेवटी ठरलेलं. जपानमध्ये प्राथमिकचे शिक्षक फळ्याची अशी आखणी आधीच करून येतात, त्याला बान्शो म्हणतात, आणि वर्गातल्या या चर्चेला त्यांचा शब्द आहे नेरिआगे, म्हणजे चक्क मळणं. भाकरीचं पीठ जितकं मळाल तितकी भाकरी फुटत नाही, शब्द मला फारच आवडला.

सहावं काम: शेवटची दहा मिनिटं तुमची

नवीन लोकांचा एक गैरसमज असतो की अशा पद्धतीत शिक्षकाने काही सांगायचंच नाही. साफ चूक. पोरांनी जे शोधलं त्याला नाव तुम्हीच द्यायचं, परीक्षेत लागते तशी मांडणी तुम्हीच फळ्यावर करून दाखवायची, आणि वहीत ती स्वच्छ उतरवून घ्यायची. पोल्या नावाच्या हंगेरियन गणितज्ञाने १९४५ साली उदाहरण सोडवायच्या चार पायऱ्या लिहिल्या, प्रश्न समजून घ्या, बेत आखा, बेत पार पाडा आणि मागे वळून बघा. पहिल्या तीन आपण कशातरी करतो, चौथी कायम घंटेत जाते. म्हणून मी घंटेच्या दहा मिनिटं आधी सगळं थांबवते, चर्चा कितीही रंगलेली असू दे. दुसऱ्या दिवशी सरावसंचातली पाच-सहा उदाहरणं नेहमीसारखीच. सराव लागतोच, त्यात कमीपणा काही नाही.

पाऊस, पत्रा आणि टाकी

वरचं जमायला लागलं की महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मोठा प्रश्न घ्या, ज्यात आकडे दिलेलेच नसतात. याला मॉडेलिंग म्हणतात, नावाला घाबरू नका. माझा आवडता, जुलैमधला: आपल्या वर्गाच्या पत्र्यावर पडणारं पाणी साठवलं तर शाळेला किती दिवस पुरेल?

आधी काय काय माहीत हवं याची यादी पोरांकडूनच काढा. पत्र्याचं क्षेत्रफळ, पाऊस, एक पोर किती पाणी पितं. पत्र्यावर चढायचं नाही हे पहिलं बजावा! मग वाद लागतो, पत्रा तर उतरता आहे, तो मोजायचा कसा? पाऊस सरळ वरून पडतो असं धरलं तर पत्र्याची उतरती लांबी लागतच नाही, पत्रा खाली जमिनीवर जेवढी जागा झाकतो तेवढीच लागते, आणि ती टेपने खालूनच मोजता येते. हे लगेच सांगू नका, पुठ्ठ्याचा तुकडा तिरका धरून उन्हात सावली बघू द्या (ऊन डोक्यावर असताना, दुपारी).

समजा आलं १२ मीटर बाय ६ मीटर, म्हणजे ७२ चौरस मीटर. आता १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर बरोबर १ लिटर पाणी. हे फरशीवर खडूने १ मीटरचा चौरस आखून, लिटरची बाटली हातात धरून समजावा, पोरांना खरं वाटत नाही. आपल्याकडे वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला तर ७२ × ६०० = ४३,२०० लिटर. काही उडतं, काही वाहून जातं, दहातलं आठ मिळेल असं धरलं तर ३४,५६०. पोरं ४५, प्रत्येकी २ लिटर, रोजचे ९० लिटर. भागाकार केला की ३८४ दिवस. पोरं नाचायला लागतात, वर्षभराचं पाणी सुटलं!

इथे थांबू नका, खरी गोष्ट इथून पुढे आहे. विचारा, साठवणार कुठे? हजार लिटरची काळी टाकी असते ना, ती किती पावसात भरेल? ७२ चं दहातलं आठ म्हणजे मिलिमीटरमागे ५७.६ लिटर, म्हणजे साधारण साडेसतरा मिलिमीटरमध्ये टाकी भरून वाहायला लागते, एका चांगल्या सरीचं काम. मग किती टाक्या? उन्हाळ्यात किती दिवस शाळा? पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्यायचं का? आपण जे धरून चाललो होतो ते एकेक परत तपासायचं, आणि गणित पुन्हा मांडायचं. दोन गटांची उत्तरं वेगळी आली तर घाबरू नका, कोणी काय धरलं ते दोघांनी सांगितलं म्हणजे झालं. फक्त गुण देताना उत्तराला नाही, धरलेल्या गोष्टींच्या कारणांना द्या.

शेतीच्या गावात असाल तर गुंठाही मस्त चालतो. ३३ फूट बाय ३३ फूट दोरी लावून मैदानावर एक गुंठा आखा (१०८९ चौरस फूट, आणि असे ४० म्हणजे एक एकर), मग सातबाऱ्यावरचं हेक्टर-आर त्यात बसवायला सांगा. घरचे आजोबा पण सामील होतात.

देवळालीच्या मास्तरांचा आकडा

काही प्रश्न नुसते आकड्यांचेच असतात, त्यात भाकरी नाही की पाऊस नाही, आणि पोरांना तेही तेवढेच आवडतात. द. रा. कापरेकर (१९०५ ते १९८६) हे नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते, ६१७४ या आकड्याची गंमत त्यांची. मी आधी तीन अंकी घेते. तिन्ही अंक सारखे नसलेली कुठलीही संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजा करा, उत्तरावर परत तेच.

३५२ घेतली तर ५३२ − २३५ = २९७, मग ९७२ − २७९ = ६९३, मग ९६३ − ३६९ = ५९४, मग ९५४ − ४५९ = ४९५, आणि आता कितीही वेळा करा, ४९५ च. शेजारच्याचीही ४९५, मागच्याचीही ४९५. हातच्याच्या वजाबाक्या दहा-दहा होतात आणि एकही पोर कुरकुरत नाही, एरवी पाच दिल्या की पोटात दुखतं त्यांच्या.

एक खाच सांभाळा: २११ − ११२ = ९९ आलं की ते ०९९ असं लिहायला लावा, नाहीतर ९९ − ९९ शून्य होतं आणि पोरगं म्हणतं माझं चुकलं. मग प्रश्न त्यांनाच विचारू द्या. मधला अंक कायम ९ का येतो? कडेच्या दोघांची बेरीज ९ का? आठवीत असाल तर a, b, c घालून वजाबाकी करायला सांगा, ९९(a − c) येतं आणि सगळं उलगडतं. चार अंकी केलं की जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ वर येऊन थांबतं. दोन अंकी? ते थांबतच नाही, ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९, असं गोल फिरत राहतं. हे मी सांगितलं तुम्हाला, पोरांना सांगू नका.

पोर्शन, साहेब आणि पालक

पोर्शनची भीती खरी आहे, काही इयत्तांना तर शिष्यवृत्ती परीक्षाही डोक्यावर असते. म्हणून आठवड्यातून एकच तास असा घ्या, आणि घटकाच्या शेवटी न घेता सुरुवातीला घ्या, म्हणजे पुढचे तास पळतात. केंद्रप्रमुख (आजूबाजूच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब) नेमके गोंगाटाच्या वेळी दारात उभे राहतात, तेव्हा कामाला येतं पाठ टाचण: त्यात प्रश्न, पोरांची येऊ शकणारी तीन उत्तरं आणि शेवटी फळ्यावर यायचं वाक्य, एवढं लिहिलेलं असलं की कोणी काही म्हणत नाही. पालक म्हणतात वहीत काही दिसत नाही, तर त्या दिवशीची मांडणी तारखेसकट वहीत असू द्या.

आणि एक शंभर पानी वही स्वतःसाठी ठेवा, पोरं काय काय म्हणाली ते त्यांच्याच शब्दांत लिहायला. माझ्या वहीत "तोटा सहा जणांत वाटला जातोय" आहे. पुढच्या वर्षी तोच भाकरीचा तास घेतला तेव्हा मी त्या वाक्याची वाट बघत उभी, कोणीच म्हणेना. सांगून टाकावंसं फार वाटलं. मग आठवलं ते ९९ भाकरी आणि १०० जणांचं, ते आधी टाकलं, आणि चार मिनिटांनी मागून आवाज आला, "मॅडम, एवढ्या लोकांत एक भाकरी कमी पडली तर कळणार पण नाही कुणाला."